रकाना कोरा ठेवायचा नाही

मला पाडलं ते माझ्याच माणसांनी. ज्यांनी माझ्या घरी बसून मिसळ खाल्ली, भिंतीवरच्या माझ्या आईच्या फोटोला हात जोडले आणि निघताना "तू निवडून आलीसच समज" म्हणत पाठीवर थाप मारली, त्यांनी. माझा राग अजून उतरलेला नाही आणि उतरावा अशी माझी इच्छाही नाही. ज्यांना गोडगोड वाचायचं असेल त्यांनी दुसरं काहीतरी उघडावं.

आमचं गाव मिशिगनमध्ये, डेट्रॉइटजवळच्या नोव्हायच्या थोडं पलीकडे. मी तिथल्या एका कंपनीत गाड्यांचे ब्रेक तपासते. हो, ब्रेकच. आमच्या घरापासून जुन्या बाजारपेठेकडे एक मोठा रस्ता जातो. बाजारपेठेच्या बाजूने एक अरुंद, जुनाट काँक्रीटचा फूटपाथ येतो आणि एका मेपलच्या झाडापाशी अचानक संपतो. तिथून आमच्या घरापर्यंत नुसतं गवत, एक चर आणि शेजारून सुसाट गाड्या. एवढं श्रीमंत गाव, दर घराला तीन गाड्यांचं गॅरेज, पण पायी चालणाऱ्या माणसाला पाय ठेवायला जागा नाही.

माझी आई नागपूरहून सहा महिन्यांसाठी आली होती. घरात बसून तिचा जीव गुदमरायचा. साडी, त्यावर माझं जुनं जॅकेट, पायात माझ्या मुलीचे स्पोर्ट्स शूज अशा थाटात ती रोज सकाळी बाहेर पडायची. मी तिला बजावायची, "आई, गवतातून चाल. गाडी आली की थांब." ती म्हणायची, "हो गं बाई, मी काय कुक्कुलं बाळ आहे का!" एके दिवशी ती गवतातूनच चालत होती, तर पिकअप ट्रकच गवतात शिरला. ड्रायव्हर म्हणाला, ऊन डोळ्यांवर आलं. त्याला दंड झाला. माझ्या आईने मेपलच्या झाडापासून हाकेच्या अंतरावर जीव सोडला.

त्या झाडासमोरच्या घरात एक म्हातारी एकटी राहायची, शंभरीला टेकलेली, गोरी, तोंडाने फटकळ. अँब्युलन्स तिनेच बोलावली. ती वॉकर ढकलत बाहेर आली, स्वतःच्या अंगावरचं ब्लँकेट आईवर घातलं आणि शेजारी गवतात बसून राहिली. आईला इंग्रजी येत नव्हतं, म्हातारीला मराठी. दोघी शेवटी काय बोलल्या ते मला कधीच कळणार नाही. मी पोचले तेव्हा म्हातारीचा गाउन दवाने ओला झाला होता.

त्यानंतर मी सिटी कौन्सिलच्या मीटिंगांना जायला लागले. मेपलपासून आमच्या वळणापर्यंत फूटपाथ करा, एवढंच माझं मागणं. तिथे माणसाला तीन मिनिटं बोलू देतात. सगळे "सो सॉरी फॉर युअर लॉस" म्हणायचे आणि पुढचा विषय घ्यायचे. एकदा गावातला एक इन्शुरन्सवाला उठला आणि म्हणाला, "फूटपाथ केला तर लोकांच्या लॉनची चार फूट जमीन जाईल. दुःख खरं आहे, पण लॉनही खरं आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. असा संताप आला म्हणून सांगू! घरी आले आणि नवऱ्याला म्हटलं, मी निवडणुकीला उभी राहते. तो म्हणाला, "यार, तू खरंच?" मी म्हटलं, खरंच.

कौन्सिलच्या तीन जागांसाठी निवडणूक होती आणि प्रत्येक मतदाराला तीन मतं. त्यातल्या दोन जागांवरची माणसं जुनी आणि लाडकी, ती येणारच होती. तिसऱ्या जागेसाठी खरी लढत दोघांत, मी आणि तो इन्शुरन्सवाला. मी आले असते तर फूटपाथला बहुमत होतं, एका मताने. तो आला तर विषय संपला. इतकं सरळ होतं ते.

म्हातारीला हे कळल्यावर तिने मला बोलावून घेतलं. स्वयंपाकघरात बसवून काळी कडू कॉफी दिली आणि खिडकीतून मेपलकडे बोट दाखवून म्हणाली, "हा फूटपाथ इथेच का थांबला, माहितेय? इथे माझा बाप हरला."

मग तिने सांगितलं. महामंदीचे दिवस. डेट्रॉइटचे कारखाने बंद, गावातले निम्मे पुरुष दाराच्या पायऱ्यांवर बसून. तिच्या बापालाही कारखान्याने काढलेलं. त्याने गावाच्या मागे लागून एक काम सुरू करून घेतलं, बेकार माणसांना थोडीफार मजुरी देऊन फूटपाथ घालायचं. बाजारपेठेपासून गावाच्या वेशीपर्यंत. तो स्वतः त्यांच्याबरोबर काँक्रीट कालवायचा. मग निवडणूक आली आणि तो उभा राहिला. समोर गावातला कोळसावाला. त्याचं म्हणणं, हे फूटपाथ म्हणजे आळशांचे लाड, आपण हे बंद करणार.

"जागा दोन होत्या," म्हातारी म्हणाली, "आणि माणशी मतंही दोन. एक जागा बँकवाल्याची, ती ठरलेलीच. उरलेली एक. फूटपाथवर राबणाऱ्या प्रत्येकाने माझ्या बापाला मत दिलं. एकानेही दगा दिला नाही. पण हातात दुसरं मत उरलं होतं ना! ते कशाला वाया घालवायचं? कोळसावाला उधारीवर कोळसा देत होता, थंडी पडली होती. दुसरं मत त्याला. गावातल्या पैसेवाल्यांनी मात्र माझ्या बापाला एक मतही दिलं नाही. सांग बघू काय झालं."

काय झालं ते खिडकीबाहेर दिसतच होतं.

"पुढच्या सोमवारी काम बंद. काँक्रीटच्या लाकडी चौकटी तशाच पडून सडल्या. आणि ज्यांनी दोन-दोन मतं दिली होती त्यांचीच मजुरी गेली. त्यातले दोघे हिवाळ्यात आमच्या दारी आले, पोरांसाठी काही आहे का विचारायला. माझ्या आईने दार उघडलं नाही. मी खिडकीतून बघत होते."

"वाईट वाटलं असेल तुम्हाला," मी म्हटलं.

"नाही," ती म्हणाली. "मला बरं वाटलं. मी तेव्हा लहान होते, आणि मला अजूनही बरं वाटतं." मग वॉकरवर हात ठेवून पुढे झुकली. "हनी, तुझ्या माणसांना सांग. तुलाच मत, फक्त तुला. बाकीची दोन कोरी."

माझी माणसं म्हणजे आमचं मराठी मंडळ. गणपतीला हॉल ओसंडतो, पण त्यातले बहुतेक व्हिसावर नाहीतर ग्रीन कार्डच्या रांगेत, त्यांना मत नाही. मत आहे ते आधी आलेल्या काका-काकूंना. त्यातल्या एका काकांचा शब्द सगळे मानतात. मूळचे पुण्याचे, आमच्याच वळणावर राहतात, मंडळाच्या पहिल्या दिवसापासून आहेत, कुणाचाही अर्ज अडला की रात्री-बेरात्री फोन उचलतात. माझ्या आईच्या अंत्यविधीची सगळी धावपळ त्यांनी केली होती. ते मी विसरलेले नाही, आणि म्हणूनच पुढचं जास्त लागलं.

मंडळात प्रचार चालत नाही असा नियम, म्हणून मी मतदार मंडळींना घरी बोलावलं. मिसळ केली, पाव भाजले. आणि उभं राहून स्पष्ट सांगितलं, "पोस्टाने मतपत्रिका येईल. तीन नावं निवडा असं लिहिलेलं असेल. तुम्ही फक्त माझं निवडा. बाकी दोन कोरी सोडा. दुसऱ्या कुणालाही दिलेलं मत माझ्या विरोधात जातं." म्हातारीच्या बापाची सगळी गोष्टही सांगितली. काकूंनी च्‌च्‌ केलं. एकीने डोळे पुसले.

काकांनी हात वर केला. "कोरी सोडली तर बाद तर नाही ना करणार?"

"नाही काका. चालतं. निवडणुकीचं बघणाऱ्या सिटी क्लार्कला विचारून घेतलंय मी."

"बरं बरं," काका म्हणाले आणि आणखी थोडा कट मागितला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आम्ही सगळे या देशात अर्ज भरत भरत आत आलो. व्हिसा, मुदतवाढ, ग्रीन कार्ड, सिटिझनशिप. आणि त्या सगळ्या वर्षांत एकच गोष्ट हाडीमांसी भिनली, रकाना कोरा ठेवायचा नाही. लागू नसेल तर 'लागू नाही' लिहा, पण मोकळा सोडू नका. आमच्यातल्या एकाचा अख्खा अर्ज मधल्या नावाची जागा रिकामी राहिली म्हणून परत आला होता, तेवढ्यात नोकरी गेली आणि बायकामुलांसकट त्याला परतावं लागलं. ही गोष्ट मंडळात नव्या माणसाला भुताच्या गोष्टीसारखी सांगतात. सांगणारे बहुतेक वेळा काकाच.

आणि तो इन्शुरन्सवाला? त्याच वर्षी गणपतीच्या महाप्रसादाचा स्पॉन्सर तोच होता. फेटा बांधून आला, "मोर्या, मोर्या" म्हणाला, मोदक खाऊन डोळे मिटले. आमची मंडळी विरघळली. त्याच्याबरोबर फोटो काढायला रांग. मला वाटलं, काढू देत फोटो, मिसळ माझी खाल्लीय.

निकालाच्या दिवशी मी हरले. किती मतांनी? त्याहून जास्त माणसं माझ्या दिवाणखान्यात मावली होती, मिसळीच्या वाट्या हातात घेऊन. मुलगी लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाली, "आई, इफ युअर पीपल हॅड व्होटेड ओन्ली फॉर यू, तू जिंकली असतीस." मी तिच्यावर खेकसले. असं कसं होईल? मी सगळ्यांना सांगितलं होतं की.

दिवाळी त्याच सुमारास. मंडळाच्या फराळाला मी जाणार नव्हते, नवऱ्याने ओढून नेलं. दारातच एक काकू गळ्यात पडल्या. "अगं, काय गं हे! आम्ही सगळ्यांनी तुलाच दिलं गं."

"फक्त मलाच ना, काकू?"

"तुला पहिलं! मग ते दोघे जुने राहिले, पण त्यांना आम्ही ओळखत नाही. त्या फेटेवाल्याला ओळखतो, म्हणून एक त्याला. आणि एक असंच कुणालातरी."

मी दुसरीला विचारलं, तिसऱ्याला विचारलं. सगळ्यांचं तेच. आणि सगळे किती खूश! काही लपवायचं आहे असं एकाच्याही चेहऱ्यावर नाही.

तेवढ्यात काका आले, चिवड्याची प्लेट घेऊन. म्हणाले, "पोरी, मी माझ्याकडून काही कमी केलं नाही बरं का. एकेकाला फोन केला. म्हटलं, आपल्या मुलीला मत द्याच, पण एकही रकाना कोरा ठेवू नका. ती म्हणते चालतं, पण तिचा अनुभव किती! उगाच मतपत्रिका बाद झाली तर तिचंच मत फुकट जायचं. तिसऱ्याचं काय करू असं विचारलं कुणी, तर म्हटलं, त्या इन्शुरन्सवाल्याला द्या, भला माणूस आहे, देवाचं करतो."

त्यांच्या डोळ्यांत माझ्याविषयी माया होती, खरीखुरी. मला ती प्लेट त्यांच्या तोंडावर फेकावीशी वाटली. नवऱ्याने माझं मनगट घट्ट धरलं होतं.

नव्या कौन्सिलच्या पहिल्याच मीटिंगमध्ये फूटपाथचा विषय कायमचा बंद झाला. एका मताने. मी जाऊन म्हातारीला सांगितलं. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. पाणी पिऊन म्हणाली, "रडू नकोस. माझा बाप नंतर तीस वर्षं याच गावात राहिला आणि त्या सगळ्यांना रोज गुड मॉर्निंग म्हणाला. एकाचंही कधी भलं चिंतलं नाही." त्या हिवाळ्यात ती गेली. तिचं घर विकलं गेलं आणि नव्या मालकाने मेपल तोडलं. फूटपाथ आता नुसताच संपतो.

परवा काकांचा फोन आला. आवाजात लाडीगोडी.

"अगं, माझी मोठी बहीण येतेय पुण्याहून, उन्हाळाभर. तिला चालल्याशिवाय चैन पडत नाही. आमच्या वळणापासून बाजारापर्यंत जाईल म्हणते रोज. तू त्या फूटपाथचं परत एकदा बघ ना. तुझा एवढा अभ्यास आहे. या वेळी आम्ही सगळे येतो तुझ्या मागे."

मी शेगडीवरचा चहा बंद केला. काका "हॅलो, हॅलो" करत राहिले.

"काका," मी म्हटलं, "त्यांना सांगा, गवतातून चालायचं. गाडी आली की थांबायचं. मी आईलाही हेच सांगितलं होतं."