रिकामा तुकडाही लाल

माझे गाईड मला कधीच आवडले नाहीत, हे आधीच सांगून टाकते. इंदूरच्या जुन्या मराठी घराण्यातले, त्यामुळे अंगात संस्थानी रुबाब, आणि फ्रीजमधल्या प्रत्येक बाटलीवर नजर. त्यांच्या लॅबची एक रीत होती: ज्या तुकड्यात पेशी नाहीत, तो रंगवायचा नाही. "खाली तुकड्यात देखने लायक काय आहे, बेटा?" असं विचारून ते स्वतःच हसत.

आमचं काम हाड बनवण्याचं. नखाएवढा, स्पंजसारखा तुकडा तयार करायचा, त्यात पेशी सोडायच्या आणि तीन आठवडे त्यांना खाऊपिऊ घालायचं. पेशींनी हाडाचा क्षार बनवला की नाही, ते अलिझरीन नावाच्या लाल रंगाने कळतं. तो कॅल्शियमला धरतो. जेवढं लाल तेवढं हाड, असं आम्ही धरून चालायचो. माझी चार वर्षं, माझी पीएचडी, सगळं त्या लालीवर टेकलं होतं.

तुकडे लालभडक आले तेव्हा सरांनी सगळ्यांना जिलेबी खिलवली. मला घास गोड लागेना. तुकडे बनवताना त्यांत कॅल्शियम फॉस्फेटची पूड आम्हीच मिसळली होती, तीही सरांच्या सांगण्यावरून. मग रंगाने नेमकं कुणाला धरलं होतं? दुपारी सर लालबागेकडे कुणाच्या तरी लग्नात जेवायला गेले, तेव्हा उरलेल्या रंगात मी एक रिकामा तुकडा बुडवला. धुतला, पुन्हा धुतला. तोही तेवढाच लाल. त्याचा अर्धा भाग कापून रंग उतरवला आणि यंत्रावर मोजला, तर आकडे पेशीवाल्या तुकड्यांशी जवळजवळ सारखे. दुसऱ्या दिवशी चांदीच्या क्षाराची पद्धत करून पाहिली. तिच्यात फॉस्फेट असेल तिथे काळा डाग पडतो. दुसरा रिकामा तुकडा काळाठिक्कर पडला. आमच्या पेशींनी तीन आठवडे नुसतं फुकटचं खाल्लं होतं.

उरलेला लाल तुकडा डबीत घालून सरांना दाखवला. त्यांनी डबी उजेडाकडे धरली आणि इतक्या थंडपणे बोलले की माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "फोटोत हा नको. फेक दे, यार." मी म्हटलं, सर, मग थीसिस खोटी होईल. त्यावर माझं वय, माझी संपत आलेली फेलोशिप, घरच्यांनी पाहून ठेवलेली स्थळं, सगळं त्यांनी बाहेर काढलं. खजरान्याच्या गणपतीला जाऊन ये, डोकं शांत होईल, म्हणाले. मी गेले नाही. फोटो मात्र त्यांना हवे तसेच लावले आणि डबी पर्समध्ये टाकली. तोंडी परीक्षेच्या दिवशी ती सगळ्यांसमोर टेबलावर आपटायची, असं मी ठरवलं होतं. दोन महिने ते आपटणं मनात घोकत होते.

परीक्षेला बाहेरून आलेल्या बाईंनी फोटो पाहिले आणि पहिलंच विचारलं, पेशी नसलेला तुकडा कुठे आहे? सरांनी हात झटकले. इंग्रजीत, हसत म्हणाले की मी हिला सांगितलं होतं, हिनेच केला नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पर्स मांडीवर होती, चेन मी अर्धी उघडलीसुद्धा होती. मागच्या रांगेत आई-बाबा बसले होते. आई मुद्दाम माहेश्वरी साडी नेसली होती.

"राहून गेला, मॅम," मी म्हणाले.

बाईंनी पुढच्या कामात तो जरूर करा असा शेरा लिहिला आणि सही केली. सरांनी माझी पाठ थोपटली. आजही त्यांचा विषय निघाला की मी तोंडाला येईल ते बोलते, आणि ऐकणाऱ्यांना वाटतं, माझा सगळा राग त्यांच्यावर आहे. डबी माझ्या कपाटात आहे. तुकडा अजून लाल आहे. सर डबी फेकून दे म्हणाले होते, एवढंच. "राहून गेला" हे मला कुणीही सांगितलं नव्हतं.