आबांनी परत ठेवलेली दुर्बीण

काल इथे आखातात, गुदैबियातल्या चष्म्याच्या दुकानात मला खुर्चीत बसवून, माझ्या नाकावर जड चौकट ठेवून तिथली पोरगी काचा बदलत होती. "अम्मा, अब साफ दिखता है?" मी हो म्हटलं. दिसत नव्हतं. खरं सांगितलं असतं, तर मुलाने मला नातीला घेऊन शाळेच्या बसपर्यंत रस्ता ओलांडू दिला नसता.

तशीच थंड काच आबांनी, माझ्या वडिलांनी, माझ्या लग्नानंतरच्या वर्षी कोल्हापुरात डोळ्याला लावली होती. बंदुकांचं दुकान तेलाच्या वासाने भरलेलं. गावाच्या शिकारीत हाका घालणारे ओरडत रानडुकराला पुढे हाकलायचे आणि वाटेवर दबा धरून गोळी घालायचा मान आबांचा. नजर कमी झाली म्हणून त्यांना रायफलीवर दुर्बीण बसवायची होती. मला सोबत नेलं होतं.

दुकानदार म्हणाला, "ही घ्या मामा. मुंगीसुद्धा दिसेल."

आबांनी दुर्बिणीतून रस्त्यापलीकडे बराच वेळ बघितलं आणि ती परत ठेवली. "मुंगी राहू द्या. समोर माणूस उभा हाय का म्हैस, त्येच कळंना. काच चांगली हाय, माझा डोळा गेलाय. आता बंदूकच ठेवून देतो."

"मग मामा, म्हशीला रामराम घालत असाल," एक गिऱ्हाईक म्हणालं. सगळे हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हा आबांची लाज वाटली. काल त्या खुर्चीत माझी वाटली.

बाहेर आल्यावर मी रागाने विचारलं, "चारचौघांत कशाला सांगितलं? मान गेला की."

आबा म्हणाले, "हाक्यात तुझा नवरा असतोय."