नापास कलेजीचा दाता

कत्तलखान्यातल्या तपासनीसांना सारे ‘धर्मात्मा’ म्हणत; आणि ही पदवी त्यांना माणसांमुळे नव्हे, फाटकावरच्या नऊ कुत्र्यांमुळे लाभली होती.

तीस वर्षे त्यांनी मेंढ्यांच्या कलेज्या बोटांनी चाचपल्या. जिच्यात पाण्याची गाठ लागली, ती नापास. नापास माल भट्टीत जाळावा, असा नियम भिंतीवर टांगलेला. पण अन्नाला आग लावायची? या नुसत्या विचाराने धर्मात्म्यांचे डोळे भरून येत. नियम लिहिणारा दगडाचा असेल. हे लोण्याचे होते! रोज दुपारी बादली भरून ते फाटकाशी जात. नऊ शेपट्या हलत, नऊ जिभा हात चाटत, आणि त्याच हातांनी धर्मात्मा आपला डबा उघडत.

“साहेब, डोंगरातले कोल्हेही पंगतीला येऊ लागलेत,” भट्टीवाला म्हणाला.

“येऊ देत रे! तीही देवाचीच लेकरं.”

घरी बायको साबण पुढे करी. “अहो, हात धुवा आधी.”

“अगं, प्रेमाला साबण लागतो का?”

“प्रेमाला नाही, जेवणाला लागतो!”

एक दिवस उजव्या बरगडीखाली कळ आली, आणि ती जाईना. बायकोने ओढतच दवाखान्यात नेले. सोनोग्राफीच्या पडद्यावर मोसंब्याएवढी गोल गाठ दिसली. आत लहान गाठींची पिलावळ. तपासनीसांचा चेहरा जाणतेपणाने उजळला.

“ही मेंढीची कलेजी, डॉक्टर. नापास.”

“ही तुमची आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “घरी कुत्रा आहे?”

“पाळत नाहीत, जेवू घालतात,” बायको म्हणाली. “नऊ! तेही गाठीची कलेजी.”

बाईंनी कपाळाला हात लावला आणि समजावून सांगितले. ती गाठ खाल्ली की कुत्र्याच्या आतड्यात पट्टकृमी, म्हणजे फितीसारखे जंत, वाढतात. त्यांची अंडी विष्ठेतून पडतात, केसांना चिकटतात, जिभेवरून हातावर येतात. मेंढी ती गवताबरोबर गिळते, माणूस घासाबरोबर.

“आणि ही फुटली तर?” धर्मात्म्यांनी विचारले. शिकाऊ लोकांना दाखवायला अशा शेकडो गाठी त्यांनी सुरीच्या टोकाने गमतीने फोडल्या होत्या.

“आत सांडली तर जिवावर बेतेल. न फोडता काढायची आहे.”

देवाची कृपा, शस्त्रक्रिया करणाऱ्या हातांचे कौशल्य! गाठ अखंड निघाली.

तीन महिन्यांनी ते कामावर परतले. दुपारी बादली भरली. फाटकाशी नऊ शेपट्या हलल्या. धर्मात्मा क्षणभर थबकले, मग मान खाली घालून थेट भट्टीकडे वळले, आणि राख होईपर्यंत तिथून हलले नाहीत. नंतर जनावरांच्या डॉक्टरांकडून आणलेल्या जंताच्या गोळ्या त्यांनी उकडलेल्या मांसात दडवून नऊ पानांवर वाढल्या. एकाने तेवढी गोळी थुंकली.

रोजची बादली जळाली म्हणून फाटकवाला हळहळला. “आजारपण माणसाला इतकं निर्दय करतं?”

संध्याकाळी बायकोने विचारले, “काय म्हणतात मग तुमचे लोक?”

“कसाई,” ते म्हणाले. “कत्तलखान्यात, आणि मलाच!”

“बरं झालं. चला, पान वाढलंय.”

कसाई नळाखाली कोपरापर्यंत साबण लावत उभे होते.