तांब्याभर विहिरीचं पाणी

तुळजाबाईची म्हैस मेली ती पाय झाडून झाडून. दावं तोडलं, गव्हाणीवर डोकं आपटलं, तोंडाला फेस आला आणि दिवस उजाडायला संपली. विश्रांतवाडीच्या पुढं नदीकाठी जन्मभर पालक पिकवलेल्या बाईनं मरणं पुष्कळ पाहिली होती, पण असलं नव्हतं. आधी पालक पिवळा पडला, मग वाफ्यांवर पांढरा खार फुटला, मग बाईच्या स्वतःच्या तोंडात फोड आले. विहिरीचं पाणी मात्र दिसायला नितळ, चवीला जरासं तुरट. संशय घ्यायचा तरी कुणावर?

दुपारी धाकटा दीर संभाजी आला. विहीर दोघांत एकच, सासऱ्यानं खणलेली. ऊन लागलं असेल, पाण्याला उगाच दोष देऊ नका, असं तो समजावत होता. तुळजाबाईनं आधी पाण्याचा तांब्या पुढं केला. गाव शहरात गेलं, नळ अजून वाटेतच होता, पण दारी आलेल्याला पाणी द्यायची रीत काही कुणी उचलून नेली नव्हती. घामाघूम झालेल्या संभाजीनं तांब्या हातात घेतला, बोलत राहिला आणि खाली ठेवला.

"पी की," ती म्हणाली.

"मुतखडा हाय ना वहिनी. डॉक्टरनं जारचंच प्यायला सांगितलंय."

तिथंच बाईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. विहिरीशेजारच्या संभाजीच्या कोरड्या बोअरवर टँकर यायचा. पावसाळ्यात जिरतं तसं जमिनीत पाणी जिरवतोय म्हणायचा, आणि गाव शाबासकी द्यायचं!

"टँकरमधून काय वततोस रं?"

"कारखान्याचं घाण पाणी हाय, फेरीमागं पैसं देत्यात. खोल जातंय ते, वर कुणाला काय..."

पुढचं बोलायला दात जागेवर राहिले नाहीत. तांब्या तोंडावर बसला होता. संभाजीनं तिचे केस धरून तिला गोठ्याच्या खांबावर आदळलं. कपाळ फुटलं. मेल्याला वाटलं, म्हातारी निजली. तिनं वळचणीचा कोयता ओढला आणि त्याच्या दंडावर घातला. तो किंचाळत खाली बसला.

ओरडा ऐकून संभाजीची बायको यमुना धावत आली. तुळजाबाईनं धापा टाकत तिला सगळं सांगितलं. यमुनेची लेक महिनाभर उलट्या करून पार सुकली होती. यमुना नवऱ्यासमोर उभी राहिली.

"पोरीला मी ह्येच पाणी उकळून पाजत व्हते. तुमी समोर बसून जारचं पीत व्हता."

संभाजी दंड दाबत मागं सरकला. यमुनेनं मोठ्या जावेच्या हातातल्या कोयत्याला हात घातला.

तुळजाबाईनं मूठ सैल केली.