जजबाई आणि बापाचा हात

"काका, हात वर करा जरा. मागच्यांनाही दिसू दे."

अध्यक्ष माइकवरून म्हणाले. पहिल्या रांगेत बसलेल्या माझ्या बापानं उजवा हात वर केला. मधली दोन बोटं नाहीत. कापड विणणाऱ्या लूमच्या पट्ट्यात गेली. हॉल हळहळला. एका बाईंनी रुमाल काढला. हात खाली कधी घ्यायचा ते बापाला कोणी सांगितलं नाही. तो तसाच धरून बसला.

मी स्टेजवर उभा होतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सुरतेतल्या एका मराठी मंडळाचा कथावाचनाचा कार्यक्रम. मंडळी बँकेतली, शाळेतली, सरकारी ऑफिसातली. मी गोडादऱ्याच्या कामगार वस्तीतला. बाप धुळ्याकडून आला, लूमवर लागला, मीही लागलो. मंडळाच्या वाचनालयातली कपाटं मी जवळजवळ संपवत आणली होती. तिथंच अध्यक्षांनी मला हेरलं. बँकेतून निवृत्त झालेले, स्वतः लिहिणारे. 'आमचा वाचणारा कामगार' अशी ते माझी ओळख करून देत. पोपट बोलतो हे पाहुण्यांना सांगावं, तशी.

मी वाचायला जजबाई नेली होती.

जजबाई म्हणजे यमुनाबाई. माझ्या डोक्यातली. निवृत्त न्यायाधीश. ज्यांना शिक्षा दिली त्यांच्या घरी ही बाई एकेक करून जाते, न बोलावता, आणि जेवायला बसते. कोणी वाढतं, कोणी हाकलतं. एक दार मात्र तिला वाजवता येत नाही. तिथला माणूस निर्दोष होता आणि तो तुरुंगातच मेला. ती दारासमोर उभी आहे, आणि पुढं काय ते मलाही ठाऊक नव्हतं. खात्यात, म्हणजे आमच्या कारखान्यात, लूमच्या आवाजात बोलता येत नाही, डोकं मोकळं राहतं. तिथंच ती मोठी झाली. जेवणाच्या सुट्टीत मी सांगायचो आणि सगळे तिच्यावरून भांडायचे. शेजारच्या लूमवरचा भटू तर मागेच लागला होता, "आपला शेठना घर धाड तिले एकदाव."

मंडळात मी एक पान वाचलं. दुसऱ्यावर अध्यक्षांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"छान आहे. पण हे तुमचं नाही. कोर्ट, न्यायाधीश... तुम्ही कुठं पाहिलंत? तुमचं भोगलेलं सांगा. वडील आलेत ना?"

मग त्यांनीच बापाला हात वर करायला लावला, आणि मी सांगितलं. पट्टा कसा ओढतो, शेठनं रिक्षा बोलावण्याआधी कापडावरचं रक्त कसं पाहिलं. टाळ्या पडल्या. चहाच्या वेळी लोक बापाशी हलक्या आवाजात बोलत होते. दुखवट्याला गेल्यासारखे. बाप जिवंत होता आणि त्याला दुसरं बिस्किट हवं होतं.

परतताना पर्वत पाटियाच्या नाक्यापर्यंत तो हात खिशात घालून चालला. मला वाटलं, हाताचं लागलं असेल. मग म्हणाला, "मंग त्या जजबाईनं काय व्हयनं रे?"

हॉलभर माणसं होती. गोष्ट एकट्यानं ऐकली होती.

पुढच्या रविवारी अध्यक्षांनी बोलावून घेतलं. मंडळाच्या वार्षिक अंकात बोटांची हकिगत हवी होती. मी लिहून दिलेली पहिली काही वाक्यं त्यांनी वाचली आणि चष्मा काढला. भाषा फार शुद्ध झाली आहे म्हणाले. वाचकाला खरं वाटणार नाही. थोडी ओबडधोबड करा, दोन-चार शिव्या घाला. म्हणजे मी पुस्तकं वाचून जे कमावलं, ते पुसून या.

मी जजबाईचं विचारलं. ते हसले.

"अहो, कल्पना आमच्यावर सोडा. तुम्ही अनुभव द्या."

त्यांची स्वतःची एक गाजलेली कथा लूम कामगारावर होती. मी विचारलं, "साहेब, तुम्ही कुठल्या खात्यात होता?"

"ती प्रतिभा असते," ते म्हणाले. शांतपणे. त्यांना त्यात काहीच विचित्र वाटलं नाही.

तेव्हा मला सगळी वाटणी दिसली. आमच्याकडे बोटं जाणार, त्यांच्याकडे प्रतिभा येणार. त्यांनी आमच्या घरात शिरायचं ते कलेसाठी. मी त्यांच्या कोर्टात शिरलो की विचारणार, पाहिलंय का? मी माझे कागद त्यांच्या हातातून काढून घेतले. म्हणालो, जजबाई छापा, नाहीतर काही नाही. त्यांनी 'काही नाही' निवडलं. वर म्हणाले, "संधी घालवताय."

घालवली.

हे मी भोगलेलं आहे, म्हणून एकदा लिहून टाकलं. आता बापाचा हात पुन्हा कुणाला दाखवणार नाही. यापुढं मी खोटं लिहिणार. न्यायाधीश लिहीन, राण्या लिहीन, पाण्याला भिणारा, दमणच्या बोटीवरचा तांडेल लिहीन, आणि बँकेतून निवृत्त झालेले अध्यक्षसुद्धा लिहीन. त्यांच्या पोटात शिरून, त्यांना न विचारता.

कुठं पाहिलंत, असं मला कोणी विचारायचं नाही.