डिझेल मोजायची काठी

आमच्या उचगावच्या अंगणात ड्रायव्हरला मारायची जागा ठरलेली होती. फाटकाच्या आत फरशी घातलेला सपाट चौकोन होता, एक गाडी उभी राहील एवढा. परत आलेला प्रत्येक ट्रक नवरा त्या फरशीवर घ्यायला लावायचा, टाकीचं टोपण काढायचा आणि खुणा पाडलेली काठी आत घालायचा. डिझेल कमी निघालं की तीच काठी ड्रायव्हरच्या पाठीवर. ओली काठी जास्त झोंबते, असं तो म्हणायचा. मी ओट्यावर बसून बघत असे. मला दया कधी आली नाही. त्यातले बरेच चोर होते.

नवरा वारला. सहा ट्रक मी आणि मुलगा बघू लागलो. दोन वर्षांपूर्वी मुलाने सगळ्या गाड्यांना जीपीएस बसवलं आणि टाक्यांत डिझेल मोजायचं यंत्र सोडलं. गाडी कुठे आहे, इंजिन चालू आहे का, डिझेल किती आहे, सगळं त्याच्या मोबाईलवर. काठी माळ्यावर गेली. यंत्राचा फायदा झाला, खोटं कशाला बोलू? कसबा बावड्याच्या साखर कारखान्यावर उसाच्या रांगेत आमच्या गाड्या तास तास इंजिन चालू ठेवून उभ्या असायच्या आणि ड्रायव्हर पंखा लावून झोपायचे, ते बंद झालं. वाट वाकडी करून पाव्हण्यांकडे जाणं बंद झालं. डिझेल वाचलं.

मग नेसरीचे मेसेज सुरू झाले. तिकडे सिमेंट नेणारी गाडी आमच्या सगळ्यात जुन्या ड्रायव्हरकडे होती. त्याच्या पाठीवर नवऱ्याची काठी एकदाही पडली नव्हती. तीन खेपांत तीन वेळा मोबाईलवर लाल अक्षरं आली, डिझेल घटलं. जागा एकच, गोदामाबाहेर, गाडी उभी असताना.

चौथ्या खेपेवरून तो दुपारी आला. मुलगा आणि दोन ड्रायव्हर फाटकाशीच थांबले होते. मी ओट्यावरून उतरले. पहिली चप्पल मी मारली. हे लिहून ठेवते, कारण गावात मुलाचंच नाव घेतात.

“कुणाला इकलंस रं डिझेल?”

“वैनी, म्या हात लावला न्हाय.”

“मग मशिन खोटं बोलतंय व्हय?”

“मशिनचं मला काय ठावं? पोरांची शपथ घेतो की.”

“पोरं कशावर वाढवलीस ते कळलं आज,” मुलगा म्हणाला आणि त्याच्या पोटात लाथ घातली.

तो फरशीवर पडला. ज्या दोघांना त्याने स्टेअरिंग शिकवलं होतं, त्यांनीच त्याचे पाय धरले. मुलाने पट्टा काढला, पट्टा पुरेना म्हणून चाक खोलायची लोखंडी टॉमी उचलली. ड्रायव्हरने तोंडावर हात आडवा धरला. टॉमी मनगटावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तेव्हा मी म्हणाले, “बास, मरंल.” दयेने नाही, पोलीस येतील म्हणून. डावा हात होता. ट्रकचा गिअर डाव्या हाताने टाकतात.

तो आपल्या पायांनी उठला आणि फाटकाबाहेर गेला. दातांतून रक्त येत होतं. फरशी मी बादलीभर पाण्याने धुतली.

आठ दिवसांनी तीच गाडी नव्या ड्रायव्हरने आणली. रस्त्यावरून फाटकात उतरणाऱ्या उतारावर, नाक आत करून उभी केली आणि नळावर हातपाय धुवायला गेला. मी ओट्यावर लसूण सोलत होते. गाडी माझ्या डोळ्यांसमोर. मुलगा ओरडतच घरातून बाहेर आला.

“आई, परत! वीस लिटर गेलं!”

“कुठनं?”

“आपल्या दारातनं! ह्यो बी चोरच निघाला!” टॉमी त्याच्या हातात होती. ड्रायव्हर ओल्या हातांनी मागे सरला.

“थांब. मी हितंच बसलीया. गाडीजवळ कुत्रं सुदीक गेलं न्हाय.”

“अगं पन मशिन…”

“गाडी फरशीवर घे.”

ड्रायव्हरने सेल्फ मारला तर नुसता गुरगुरला. ब्रेक सोडून, उतारावर गाडी घरंगळवून, गिअर टाकून त्याने ती चालू केली आणि फरशीवर आणली. मी मोबाईल हातात घेतला. आकडा हळूहळू वर चढला. वीस लिटर परत आलं.

गाडी उतारावर नाक खाली करून असली की डिझेल टाकीच्या पुढच्या टोकाला जातं, आणि यंत्र मागच्या टोकाला बसवलं होतं. डिझेल घटलं की मेसेज यायचा, परत चढलं की यायचा नाही. नवऱ्याने फरशी घातली होती ती ह्याचसाठी. सपाटीवर आल्याशिवाय काठी घालायची नाही, हे त्याच्या तोंडून मी तीस वर्षं ऐकलं. यंत्राला फरशी लागत नसेल असं धरून चालले. गाडीचं ॲव्हरेजही पडलं नव्हतं. चोरी असती तर पडलं असतं. चौथी शिकलेल्या बाईला एवढं कळायला हरकत नव्हती.

नेसरीच्या गोदामाबाहेरही असाच उतार आहे. आणि गाडी उतारावर का लावायची? सेल्फ गेलाय, बदला, असं त्या जुन्या ड्रायव्हरने मला तीनदा सांगितलं होतं. तिन्ही वेळा मी म्हणाले होते, “उतारावर लाव की.”

मी माळ्यावरून काठी काढली आणि मुलाच्या पाठीवर चार ओढल्या. पाचवी त्याने हातात धरली. “पहिली चप्पल तू मारलीस,” तो म्हणाला. ते खरं होतं.

काठी घेऊन आम्ही दोघं ड्रायव्हरच्या घरी गेलो. हात प्लास्टरमध्ये होता. मनगट आता पहिल्यासारखं वळणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, फरशीचं, सेल्फचं. काठी त्याच्यापुढे टाकली.

“मार.”

त्याने ती उचलली नाही. त्याच्या बायकोने उचलली. पहिली माझ्या खांद्यावर, मग मुलाच्या पाठीवर, मग कानावर. कान फाटला. मुलगा हलला नाही. तिला दम लागेपर्यंत ड्रायव्हरने तिला अडवलं नाही.

मी म्हणाले, “फाटकावर बसायला ये. पगार हाय तेवढाच देते.”

तो माझ्या पायांपाशी थुंकला. मग म्हणाला, “वैनी, सेल्फ बदलला?”

“न्हाय अजून.”

“बदला. न्हायतर दुसऱ्याचा हात मोडशीला. आनि ती काठी हितंच ऱ्हाऊ द्या.”

दुसऱ्या दिवशी सेल्फ बदलला. काठी त्याच्याच घरी आहे. तो परत ट्रकवर बसला नाही.