मायच्या सरणावरून परत आणलेला कोळसा

घाटंजीच्या बाजारातून वणीकडे जाणाऱ्या जीपीत मी बसलो, तवा मायनं माह्या पेटीवर तुराट्याची पेंढी बांधली. ड्रायव्हर हासला. "बुढे, पोरगा राजूरले कोळशाच्या खाणीत चालला. तिथं काड्या कायले पाठवतं?" माय म्हणे, "कोळसा राजूरचा. परक्या गावात पयली चूल घरच्या काडीनं पेटते." देवराव, तू माहा लहान भाऊ, तिथंच उभा होता. इसरला असशीन तर आता वाच, आन् गावालेई वाचून दाखव. मी दुसरीच शिकलो, पण हे सोताच्या हातानं लिहून राह्यलो.

आपल्या घरी तुराटी चहाले, पऱ्हाटी भाकरीले, गवरी दुधाले, आन् बाभळीचं खोड पाहुणे आले तर. आंगणात सरपण कसं रचलं ते पाहून लोकं सोयरीक ठरवत. माय माणसंई तशीच पारखे. "देवरावचा राग तुराटीचा, भडकला का इझला. थोरल्याचा गवरीचा." खरं बोलली. माहा अजून धुमसून राह्यला.

राजुरात त्या तुराट्या तीन दिवस पुरल्या. मंग शिगडी आली. दगडी कोळसा, त्याची चुरी, चुरीत शेण कालवून केलेले गोळे. बायकोले पयले धुरानं चक्कर ये, मंग तिलेच कोळशाबिगर भाकर गोड लागेना. माह्यासंगं तिकडून आलेले काही जण घरी कोळसा जळते हे लपवतेत. मी कायले लपवू? जलमभर खाणीत उतरलो. त्या कोळशावर माह्यी लेकरं वाढली. तेच माह्या घरचं जळतन.

माय गेली तवा मी धावत आलतो. आपल्या गावात मयताले हरएक घरातून एक लाकूड नाही तर एक गवरी येते. त्या घरच्या चुलीत जे जळते तेच आणाचं, विकतचं चालत नाही. माह्या घरी जे जळे ते मी आणलं. दुपट्ट्यात बांधून कोळशाचं एक ढेकूळ. मायले अग्नी लहान्यानं द्याचा असते, तो तू देणार होता, त्यात माहं काही म्हणणं नव्हतं. मी ढेकूळ सरणावर ठेवलं आन् तू ते पायानं उडवलं.

"मायच्या आंगावर दगड ठेवतं का? खाणवाला झाला, रीत इसरला!"

मांगून कोणीतरी बोललं, "बुढीले इंजन चालवाचं हाये का?" लोकं हासले. मयतात हासले!

त्या दिवशी रीत माह्याएवढी कोणीच पाळली नव्हती. मी ढेकूळ उचललं, दुपट्ट्यात बांधलं, तेरवीलेई थांबलो नाही. तवापासून त्या गावात माहा पाय नाही.

आन् आता तू फोन करतं. "दादा, म्हातारपणी गावातच ये. तुह्या सरणाचं आमी पाहू." काय पाहशीन? तुह्या चुलीवर आता ट्रॅक्टरचे जुने टायर ठेवले हायेत म्हणे, घरात दोन सिलेंडर. मयताचं लाकूड वखारीच्या टालीवरून विकत येते. ओलं असलं का वरून डिझेल ओततेत. ट्रॅक्टरचं डिझेल चालते, आन् माहा कोळसा चालला नाही? हरएक घरचं जळतन आणाचं म्हटलं तर काय, सगळ्यायचे सिलेंडर ठेवसान माह्या उरावर?

माह्या पोराच्या घरीई गॅसच हाये. सून म्हणते, "बाबा, गॅस संपला, फोन लावा." पोरगा म्हणते, "गाडीची टाकी फुल केली." काय जळते ते कोणाच्या डोळ्याले दिसत नाही, हाताले लागत नाही. पण ते ढेकूळ माह्या पेटीत हाये, मायनं पेंढी बांधली त्याच पेटीत. सुनेनं एकडाव फेकाले काढलं, तर दोन दिवस तिच्या हातचं जेवलो नाही.

लोकं इचारतेत, बुढ्या, गाव कोणतं? मी राजूर सांगतो. जिथं माह्या घरचं जळतन माह्या सरणावर चालते, ते माहं गाव. पोराले सांगून ठेवलं, मले इथंच जाळ, आन् ते ढेकूळ छातीवर ठेव.

तुले याचं असन तर ये, देवराव. येतानी एक तुराटी आनजो, तुह्या वावरातली, टालीवरची नको. पोराले तेई सांगितलं हाये. काका जे आनन ते सरणावर ठेवू देजो, पायानं उडवजो नको.